अ‍ॅप बनवू की मोर्चात जाऊ?

प्रश्न विचारणारा मुलगा नागपूरचाच, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सिकलसेल, कुपोषण, तंबाखू, घाण पाणी हे आजार एकट्या माणसाचे नाहीत, समाजाचे आहेत. त्याचे निम्मे मित्र म्हणतात की चांगलं तंत्रज्ञान आलं की हे सुटतं, राजकारणी नुसता वेळ खातात. उरलेले म्हणतात की कायदा आणि बजेट हलल्याशिवाय काही होत नाही, मशीन कितीही आणा. ‘मला दहा वर्षं या कामात घालायची आहेत. कुठे घालू?’

मी पीएसएमचा, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य या विषयाचा, डॉक्टर. मेडिकलची पोरं ज्या लेक्चरला मागच्या बाकावर झोपतात, तो विषय. नोकरी सरकारी झाली, फिरणं नागपूर जिल्ह्यात आणि आजूबाजूच्या विदर्भात. तपासणीच्या किट गावोगावी नेल्या आणि विधानभवनात जाणाऱ्या उत्तरांसाठी आकडेही जमवले, म्हणून दोन्ही बाजू थोड्या आतून पाहिल्या आहेत. एका शब्दात उत्तर पाहिजे असेल तर राजकारण. पण तुमचे मित्र देतात त्या कारणासाठी नाही. आणि तुमच्या मित्रांना राजकारण म्हणजे निवडणूक वाटत असेल तर तेही नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. उपाय प्रयोगशाळेतून आला की मंत्रालयातून, हे मी नंतर बघतो. आधी बघतो की तो चालण्यासाठी रोज कोणाला काय करावं लागणार आहे. ज्या उपायाचा भार सगळ्यात गरीब, सगळ्यात थकलेल्या माणसावर रोजच्या रोज पडतो, तो दोन-तीन वर्षांत बंद पडतो. मग तो यंत्राच्या रूपात असो की कायद्याच्या. ज्याचा भार वर, म्हणजे धरणावर, कारखान्यावर, तिजोरीवर टाकता येतो, तो टिकतो. आणि भार वर ढकलणं हे काम यंत्र करत नाही, ते राजकारणानेच होतं.

नागपूरच्याच एका शोधापासून सुरुवात करू. आपली नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था असं होतं. नीरी हे नाव १९७४ मध्ये मिळालं. जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर तपकिरी पट्टे येतात, मग सांधे आखडतात, पुढे हाडं वाकतात. यावर नीरीने १९७० च्या दशकात एक सोपी पद्धत काढली. बादलीभर पाण्यात तुरटी आणि चुना मापाने टाकायचा, दहा मिनिटं ढवळायचं, तासभर निवू द्यायचं, वरचं पाणी ओतून घ्यायचं, खालचा गाळ फेकायचा. वीज नको, गाळणी नको, परदेशी सुटा भाग नको. जिथे फ्लोराइडचा त्रास फार, त्या नलगोंडा जिल्ह्याचं (तेव्हा आंध्रात, आता तेलंगणात) नाव त्या पद्धतीला पडलं: नलगोंडा तंत्र. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते आहे, आणि नागपूरकरांना त्याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

आता तीच बादली घरात ठेवून बघा. तुरटी किती टाकायची हे पाण्यातलं फ्लोराइड किती आणि क्षारता किती यावर ठरतं, म्हणजे या विहिरीचं माप त्या बोअरला चालत नाही. कमी पडली तर फ्लोराइड उरतं, जास्त पडली तर पाणी तुरट लागतं आणि पोरं पीत नाहीत. पांढरकवड्याकडच्या एका गावात मी हे सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं. बाया ऐकून घेत होत्या. शेवटी एकीने विचारलं, ‘सकाळी निंदाले जावं, का बकेट ढवळत बसावं जी?’ मजुरी बुडाली तर त्या दिवशीचं तेल-मीठ बुडतं. हाडं वाकायला वीस वर्षं आहेत. तिचा हिशेब बिलकुल बरोबर होता, आणि तिच्या हिशेबात आमच्या बादलीला जागा नव्हती.

नलगोंड्यातही लोकांची तहान तंत्राने भागली नाही. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत त्या एका मतदारसंघात ४८० उमेदवार उभे राहिले. फ्लोराइडचं पाणी आणि कोरडी शेतं यांकडे देशाने बघावं म्हणून लोकांनी ठरवून अर्ज भरले. मतपत्रिका कागदाची न राहता पुस्तिका झाली. जवळजवळ सगळ्यांच्या अनामत रकमा जप्त झाल्या, आणि त्याच वर्षी लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली. (सरकारचा पहिला प्रतिसाद पाण्यावर नव्हता, उमेदवारी महाग करण्यावर होता. राजकारण हे असंही असतं.) पण त्यानंतर नलगोंडा हे नाव राज्याच्या कुठल्याही पाणीयोजनेच्या चर्चेतून वगळता येईना. नदीचं पाणी नळाने गावोगावी पोचायला पुढे वीसेक वर्षं लागली. मिशन भगीरथ २०१६ चं. पाणी बदललं आणि बादलीचा प्रश्नच मिटला. त्या वीस वर्षांत किती पोरांची हाडं वाकली, हा हिशेब मात्र राजकारणाच्या नावावरच मांडावा लागेल. म्हणून राजकारण चांगलं असं मी म्हणत नाही. ते हळू आहे, बेभरवशाचं आहे, आणि तरी भार हलवायचा तर दुसरा रस्ता नाही.

सिकलसेलचं जरा सविस्तर सांगतो, कारण विदर्भात हा घराघरातला आजार आहे आणि तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू यात दिसतात.

तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि अंग असं दुखतं की पोरगं रात्रभर ओरडतं. आई-बाप दोघंही वाहक, आमच्या भाषेत एएस पॅटर्न, असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं, मूल होण्याची शक्यता चारात एक. नागपूर भागात हा जनुक आहे, हे इथल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये छापलं १९५८ साली. पुन्हा तेच साल, नीरीचं. तपासणी किती साधी? बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, नळीतल्या द्रावणात टाकायचं, काही मिनिटं थांबायचं आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचं कार्ड धरायचं. रेघा दिसल्या तर बरं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या पक्क्या तपासणीला जातो आणि एएस की एसएस ते कळतं. शाळेच्या ओसरीवर, टेबल नसेल तर खुर्चीवर मांडूनही हे करता येतं. औषधही आहे: हायड्रॉक्सियुरिया. अमेरिकेत या आजारासाठी त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे ते जेनेरिक मिळतं, स्वस्त आहे.

म्हणजे आजार माहीत, तपासणी माहीत, औषध माहीत. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातल्या शहडोलला. १९५८ ते २०२३. पासष्ट वर्षं. या पासष्ट वर्षांत कुठलं यंत्र यायचं राहिलं होतं, ते तुमच्या पहिल्या गटातल्या मित्रांना विचारा.

मिशनमध्ये चाळिशीच्या आतल्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं ठरलं. चांगलं आहे. पण ते आखलं गेलं आदिवासी भाग डोळ्यांपुढे ठेवून. आता उत्तर नागपुरात या. इंदोऱ्याला, टेकानाक्याला. इथे सिकलसेल बौद्ध घरांत आहे, तेल्यांत आहे, कुणब्यांत आहे. जनुकाला अनुसूचीचा पत्ता नसतो, योजनेला असतो. कोण मोजला जाणार आणि कोण नाही, ही रेघ एचपीएलसीच्या मशीनने आखलेली नाही. ती आखली जाते ती कागदावर, आणि पुसायची असेल तर कागदावरच पुसावी लागते.

ती कशी पुसली जाते याचं उदाहरण नागपूरचंच आहे. संपत रामटेके हे डॉक्टर नव्हते. त्यांनी इथे सिकलसेलग्रस्तांना एकत्र केलं आणि या आजाराला अपंगत्वाच्या कायद्यात जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं खेटे घातले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यात सिकलसेल आला. २०१८ मध्ये रामटेके यांना पद्मश्री मिळाली ती मरणोत्तर. त्या कायद्यामुळे एसएस पॅटर्नच्या पोरांना, प्रमाणपत्र ४० टक्क्यांचं असेल तर, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. नोकरीतल्या ४ टक्क्यांत मात्र रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. पोरगं शिकू शकतं, पुढचं त्याचं त्यानं बघावं. हे अर्धं काम कोणी तरी पूर्ण करायचं आहे.

आणि एसटीची सवलत. सिकलसेलच्या रुग्णाला साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. ही गोष्ट आरोग्याच्या कुठल्या परिषदेत कोणी सांगणार नाही. पण हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यायचं असतं, महिन्याचा साठा घेऊन यायचा असतो, मधूनमधून रक्त तपासायचं असतं. रामटेक तालुक्यातल्या देवलापारहून नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, यायचं म्हणजे भाडं आणि दिवसाची मजुरी, दोन्ही. भाडं गेलं की निम्मा भार गेला. माझ्या मते त्या एका परिपत्रकाने जितके रुग्ण औषधावर टिकले, तितके आमच्या समुपदेशनाच्या फ्लिपचार्टने टिकले नसतील.

आता तंत्रज्ञानाची बाजू, आणि ही मी मनापासून मांडतो. आपल्याच मेडिकलमधल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१२ मध्ये दाखवलं की आपल्या मुलांना हायड्रॉक्सियुरियाचा रोज किलोमागे १० मिलिग्रॅम एवढा कमी आणि ठरलेला डोस पुरतो. पाश्चात्त्य पद्धतीत डोस हळूहळू वाढवत नेतात, त्यासाठी रक्ताच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात. डोस कमी आणि ठरलेला म्हटल्यावर तपासण्या कमी, फेऱ्या कमी, धोका कमी. हे संशोधन दिसायला साधं आहे, त्याचं उद्घाटन कोणी केलं नाही. पण आईवरचा भार त्याने खरोखर कमी केला. मला तंत्रज्ञान आवडतं ते असं. त्याच्या दुसऱ्या टोकाला जनुक-संपादनाचा उपचार आहे: ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिली, अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. विज्ञान म्हणून थक्क करणारं. देवलापारसाठी त्याचा अर्थ आज शून्य, आणि तो शून्याचा काही तरी व्हायचा असेल तर पेटंट, किंमत आणि सरकारी खरेदी या टेबलांवरच होईल.

तपासणीचीही एक काळी बाजू आहे, ती डॉक्टर मंडळी फारशी बोलत नाहीत. एएस निघालेल्या मुलीला आपण कार्ड देतो आणि सांगतो, लग्नाआधी मुलाचं रक्त तपासून घे. म्हणजे पासष्ट वर्षांचं सरकारी दुर्लक्ष आपण एकोणीस वर्षांच्या मुलीच्या पर्समध्ये ठेवतो. सोयरीक मोडते ती तिची. मग कार्ड पेटीच्या तळाशी जातं आणि कोणाला दाखवलं जात नाही. मुलगा स्वतः एएस असेल तर त्याला विचारतं कोण? तपासणी सगळ्यांची, शाळेतच, मुलाची आणि मुलीची सारखी झाली तर हा भार तिच्या एकटीवर राहत नाही. किट तीच, वेळापत्रक वेगळं. वेळापत्रक ठरवणं हे राजकीय काम आहे.

फवारणीचं थोडक्यात. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर काय वाटलं गेलं? मास्क, हातमोजे, गॉगल, आणि माहितीपत्रकं. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन तो पोशाख घालून दाखवा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या कीटकनाशक संहितेतच लिहिलं आहे की ज्या औषधाला अवघड किंवा महाग संरक्षक पोशाख लागतो ते उष्ण प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या हाती देणं टाळावं. टाळायचं कोणी? मजुराने नव्हे. परवाना देणाऱ्याने.

श्रीलंकेत याची जवळजवळ समोरासमोर परीक्षा झालेली आहे. विष घेऊन होणारे मृत्यू कमी व्हावेत म्हणून तिथे १८० खेड्यांत प्रयोग झाला, निम्म्या खेड्यांत घरोघरी कीटकनाशकं ठेवायला कुलपाच्या पेट्या दिल्या. निकाल २०१७ मध्ये आला: फरक काही पडला नाही. त्याच देशाने १९९५ पासून टप्प्याटप्प्याने सर्वांत घातक कीटकनाशकांवर बंदी घातली होती, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. बंदी हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. पिकांच्या उत्पादनावर त्याचा फटका बसल्याचं दिसलं नाही. पेटीचं कुलूप घरातल्या माणसाने रोज लावायचं होतं. बंदी एकदाच करायची होती.

आतापर्यंत वाचून तुमचा मोर्चावाला मित्र खूश झाला असेल. त्याच्यासाठी खर्रा.

नागपुरात राहून खर्रा माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. सुपारीची कात्रणं, तंबाखू, चुना, सगळं पन्नीत घ्यायचं आणि पाटीवर दाबून घोटायचं, ओलसर भुगा होईपर्यंत. पानठेल्यावर तयार पुड्यांची रास असते. अलीकडे तो घोटायला विजेवर चालणारं मशीनही निघालंय. विदर्भातल्या आरोग्यकेंद्रांआधी पानठेल्याचं यांत्रिकीकरण झालं, असं आम्ही आपसात म्हणतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वीस वर्षांपूर्वीच ते नोंदवलं. तंबाखू वेगळा. सुपारीने गालाचं आतलं कातडं टणक होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. शिबिरात आम्ही सांगतो, तीन बोटं उभी तोंडात घालून दाखव. पंचविशीतली पोरं दोनवर अडकतात आणि हसण्यावारी नेतात. तिखट भाजी खाल्ली की आग होते, म्हणून जेवण फिकं करतात. खर्रा तसाच राहतो. त्यातले काही पुढे तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलच्या रांगेत दिसतात.

२०१२ च्या जुलैत महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. आधार होता अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांचा: खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येणार नाही. राजकीय कृती म्हणून धाडसी होती, मी तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो आणि आजही ती चूक होती असं म्हणणार नाही. पण कारखानदाराने पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घातला. सुगंधित तंबाखू सीमेपलीकडून येत राहिला. आणि खर्ऱ्याला कारखानाच नाही, तो ठेल्यावर जन्मतो. मग बंदीची अंमलबजावणी म्हणजे काय उरलं? महिन्यातून एकदा पानठेलेवाल्याला दम आणि दंड. भार पुन्हा सगळ्यात खालच्या माणसावर. माल जिथून येतो त्या गोदामापर्यंत आणि त्यामागच्या पैशापर्यंत कायदा चढलाच नाही.

दारूचंही तसंच. वर्धा सत्तरच्या दशकापासून कोरडा आहे, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपूर १ एप्रिल २०१५ ला कोरडं झालं आणि २०२१ मध्ये पुन्हा ओलं. गडचिरोलीत बंदीमागे गावोगावच्या बायांची चळवळ होती, आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’सारखं दारू-तंबाखूविरोधी काम त्याच जोरावर गावपातळीवर चालतं. चंद्रपुरातही बायांनी मोर्चे काढलेच होते, अगदी नागपूरच्या विधानभवनापर्यंत चालत आल्या होत्या. पण बंदी जाहीर झाल्यावर ती राबवण्याची जबाबदारी पोलिसांची, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. बंदी टिकायला रोज कोणी तरी उभं राहावं लागतं, हा त्यातला माझा निष्कर्ष. इतरांचा वेगळा असू शकतो, विदर्भात या विषयावर दोन माणसांचं एकमत मी अजून पाहिलेलं नाही.

टीबीचं एकच सांगतो. औषधं उत्तम आहेत, निदानाची मशीन उत्तम आहेत. २०२३ मध्ये झारखंडातल्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल आला: रुग्णाच्या घरातल्या माणसांना माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ असं जादा धान्य दिलं, तर त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. तांदूळ-डाळ. सरकार रुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० देतं. घरातल्या बाकीच्यांचं ताट अजून योजनेच्या मध्यभागी आलेलं नाही.

आता तुमच्या दहा वर्षांबद्दल.

अ‍ॅप बनवू नका असं मी म्हणणार नाही. पण बनवण्याआधी एका आशाताईसोबत पूर्ण दिवस फिरा. तिच्याकडे अगोदरच किती अ‍ॅप आहेत ते मोजा. एकच बाळंतपण ती वहीत लिहिते, मग एका अ‍ॅपमध्ये, मग दुसऱ्या, मग पीएचसीच्या ग्रुपवर फोटो टाकते. रेंजसाठी टाकीवर चढते. तिला पगार नाही, मानधन आहे, आणि तेही वेळेवर यावं म्हणून डिसेंबरात हजारो आशाताई इथेच, विधानभवनाच्या वाटेवर बॅरिकेडपाशी बसलेल्या असतात. तुमच्या अ‍ॅपने तिच्या वहीतली एक नोंद जरी कमी झाली तर बनवा. एक वाढणार असेल तर ते कितीही सुंदर दिसलं तरी तुम्ही भार खाली ढकलताय.

आणि राजकारण्यांना मशीन फार आवडतं हे लक्षात ठेवा. मशीनची फीत कापता येते. रिकामं पद भरलं तर कशाची फीत कापणार? एका ग्रामीण रुग्णालयात, नाव घेत नाही, सोनोग्राफीचं मशीन कापडाखाली झाकलेलं पाहिलंय. चालवणाऱ्याची जागा रिकामी होती. लोकार्पणाची कोनशिला मात्र स्वच्छ पुसलेली.

तंत्रज्ञानाचा जो उपयोग मी सर्वांत जास्त होताना पाहिला तो असा: ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला नाकारता येणार नाही असा आकडा तयार करणं. अधिवेशनाच्या तोंडावर एलएक्यू येतो, म्हणजे आमदाराचा प्रश्न. तो आला की आरोग्य खात्याची पळापळ बघा. एरवी तीन पत्रांना उत्तर न देणारं कार्यालय संध्याकाळी पाचच्या आत तालुकानिहाय तक्ता मागतं. प्रश्न मोघम असेल, ‘जिल्ह्यात औषधांचा तुटवडा आहे हे खरे आहे काय?’, तर उत्तरही ठरलेलं: ‘हे खरे नाही.’ प्रश्नात केंद्राचं नाव, औषधाचं नाव आणि तारखा असतील तर ‘हे खरे नाही’ लिहायला कोणाचा हात धजत नाही.

म्हणून हायड्रॉक्सियुरिया घ्या. नागपूर जिल्ह्यातलं प्रत्येक ग्रामीण रुग्णालय आणि सिकलसेलचे रुग्ण जास्त असलेली प्राथमिक आरोग्य केंद्रं, इतकाच पसारा. वर्षभरात कुठे, किती दिवस ते कॅप्सूल संपलेलं होतं, एवढंच शोधायचं. ई-औषधी या सरकारी औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीतल्या नोंदी माहिती अधिकारात मागा. त्या नोंदीत साठा असतो आणि खिडकीवर नसतो असंही होतं, म्हणून रुग्णांकडूनही घ्या: मिस्ड कॉल दिला की नोंद होईल अशी सोय करा, म्हणजे बापाला टायपिंग नको आणि भार तुमच्या सर्व्हरवर. इथे तुमचं इंजिनिअरिंग कामाला येईल. औषधखरेदी कोणी करायची ही व्यवस्था राज्यात २०१७ मध्ये बदलली, २०२३ मध्ये पुन्हा बदलली. तेव्हा तुटवडा कुठल्या पायरीवर होतो, मागणीपत्रात, निविदेत की वाटपात, हेही तारखांवरून दिसेल. मग तो तक्ता घेऊन आमदाराकडे जा, शक्यतो दोन वेगळ्या पक्षांच्या. रुग्णांच्या संघटनेतली माणसं सोबत न्या, एकटे जाऊ नका. त्यांना उद्या त्याच दवाखान्यात जायचं असतं, तेव्हा नावं कोणाची द्यायची ते त्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी द्यावे लागतात. डिसेंबरातलं गाठायचं असेल तर तक्ता दिवाळीआधी तयार हवा. नोंदी रामटेक आणि पारशिवनीपासून मागायला सुरुवात करा, तिथे रुग्ण जास्त आहेत.